मिनेसोटात घराला लाईटिंग करायला माणसं बोलवावीत का, आणि कोटेशन कसं वाचायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मेपल ग्रोव्हला दुमजली घर घेतलंय, दिवाळीपासून ख्रिसमसपर्यंत समोरून लाईटिंग हवंय, समोरची छताची कड साधारण 140 फूट, शिवाय अंगणात एक क्रॅबॲपलचं झाड, एका कंपनीने 1,500 डॉलर सांगितले, दारावर आलेला एक मुलगा 600 मध्ये करतो म्हणाला, आणि मिस्टर म्हणतायत की माळा दुकानातून आणू, शिडी शेजाऱ्याकडून घेऊ, एवढ्यासाठी कोण पैसे घालवतं. मी ट्विन सिटीजमध्येच, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉल भागात, इलेक्ट्रिकलचं काम करतो, उन्हाळ्यात बागेतले दिवे आणि सप्टेंबर संपला की घरांच्या माळा, बरीच वर्षं हेच चाललंय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माळा लावणं हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. ऑक्टोबरात छत कोरडं असतं, बोटं चालतात, दोन माणसं अर्ध्या दिवसात तुमचं घर करून जातील. पण आपल्याकडे ते दिवे पुढे तीन-चार महिने बर्फात, वाऱ्यात, उणे वीस फॅरनहाइटमध्ये राहणार, मधेच एखाद्या रात्री अर्धी ओळ विझणार, आणि मग काढायची वेळ येईल तेव्हा छताची कड बर्फात गाडलेली असणार. टेक्सासमधले लोक ऑनलाइन जे सल्ले देतात ना, ते इथे अर्धेच लागू पडतात. म्हणून मी कोटेशन बघतो तेव्हा आकडा सगळ्यात शेवटी बघतो, आधी बघतो की पहिला मोठा बर्फ पडल्यानंतरचं काय काय लिहिलंय. बहुतेक कागदांवर काहीच लिहिलेलं नसतं.

आता आकड्याचं. आमच्या भागात पहिल्या वर्षी फुटाला साधारण 6 ते 10 डॉलर असा दर चालतो, त्यात माळा, क्लिपा, लावणं, मधली दुरुस्ती, काढणं आणि बऱ्याचदा उन्हाळाभर सांभाळून ठेवणंसुद्धा येतं. 140 फुटांना मधला 8 चा दर धरला तर 1,120 होतात, वर झाडाचे तीन-चारशे, म्हणजे तुमचे 1,500 अगदी रास्त आहेत, कोणी लुटत नाहीये. 600 मध्ये काय होतं तेही सांगतो. तेवढ्यात माळ येते आणि त्याची मजुरी निघते, बास. विमा, दुरुस्तीच्या फेऱ्या, मार्चमध्ये परत येऊन काढणं, हे त्या पैशात बसतच नाही. तो मुलगा लबाड असेल असं मी म्हणत नाही, कॉलेजची मुलं असतात, मेहनती असतात, पण जानेवारीत त्याचा फोन लागेल का हा खरा प्रश्न. आणि दारावर आलेल्या माणसाशी घाईत सही केलीच असेल तर घाबरू नका, घरी येऊन केलेल्या 25 डॉलरच्या वरच्या बहुतेक विक्रीला फेडरल नियमाने तीन कामकाजाचे दिवस असतात रद्द करायला.

विम्याचं मात्र नीट ऐका, कारण आपली माणसं इथे संकोच करतात, "एवढं काय विचारायचं, राग येईल त्याला" असं करतात. दोन कागद मागायचे, जनरल लायबिलिटीचा आणि वर्कर्स कॉम्पेन्सेशनचा. पहिला तुमच्या घराचं नुकसान झालं तर, दुसरा त्याचा माणूस तुमच्या छतावरून पडला तर. एकटा माणूस स्वतःच धंदा करत असेल तर दुसरा विमा घेणं त्याला सक्तीचं नसतं, आणि नेमका तोच पडला तर गोष्ट तुमच्या घराच्या विम्यापर्यंत येऊ शकते. सर्टिफिकेट त्याच्या एजंटकडून थेट तुमच्या ईमेलवर मागवा, मोबाइलमधला फोटो चालवून घेऊ नका, फोटोतली तारीख कधीची असते ते कोण बघतं. चांगल्या कंपनीला याचा अजिबात राग येत नाही, उलट दहा मिनिटांत पाठवतात.

मग विचारायचं की माळ कुठली. दुकानातली तयार माळ आणि कंपनीवाले वापरतात ती माळ यात खूप फरक आहे. आम्ही वायरचं मोठं रीळ आणतो, त्याला ठरावीक अंतरावर होल्डर असतात, बहुतेक 12 किंवा 15 इंचांवर, आणि तुमच्या छताच्या मापाने वायर तिथेच कापतो, त्यामुळे कोपऱ्यावर गुंडाळी लोंबत नाही. बल्ब सी-9 नावाचे, मोठे, लांबट. वायरीच्या दोन जाती असतात, एसपीटी-1 आणि एसपीटी-2, दुसरीचं आवरण जाड. दुसरी जरा महाग पण आपल्या थंडीत मी तीच सुचवेन, कारण गारठ्यात प्लास्टिक कडक होतं आणि काढताना वाकवलं की पातळ आवरण चिरतं.

कापलेल्या वायरीला जो प्लग लावतात तो एकदा जवळून बघा, कारण निम्म्या तक्रारी तिथूनच निघतात. वायर त्याच्या खाचेत दाबायची, आत दोन बारीक दात असतात ते आवरण फोडून तांब्यात घुसतात, मग मागचं झाकण सरकवायचं, झालं. स्क्रू नाही काही नाही. पण वायरीच्या एका बाजूला बोटाला लागेल अशी बारीक रेघ असते, ती न्यूट्रलची बाजू, ती प्लगच्या रुंद पात्याकडेच आली पाहिजे, आणि कापलेल्या टोकातून तांब्याचा एकही केस बाहेर राहता कामा नये. ऑक्टोबरात हे कोणीही नीट करतं. डिसेंबरात, ग्लोव्हज काढून, वारा सुटलेला असताना, दिवसातल्या शेवटच्या घरावर, तीच माणसं रेघ बघत नाहीत. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की लवकर लावून घ्या, सवलत मिळते म्हणून नाही (ती मिळतेच), काम चांगलं होतं म्हणून.

लवकर म्हणजे किती? यात आपली दिवाळी कामाला येते. 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, 2027 मध्ये भारतातल्या पंचांगाप्रमाणे 29 ऑक्टोबरला, म्हणजे ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा मागितला की दोन्ही साधतं. बहुतेक अमेरिकन गिऱ्हाईकं थँक्सगिव्हिंगच्या आसपासची तारीख मागतात, तेव्हा कंपन्यांची धांदल असते, आणि तुम्ही ऑक्टोबर मागितला की त्यांना बरंच वाटतं. फक्त कागदावर लिहून घ्या की दिवे लावल्या दिवसापासून सुरू करून द्यायचे, कारण काही लोक माळा लावून जातात आणि टायमर जोडायला नोव्हेंबरअखेर येतात, मग दिवाळीला घर अंधारात. आणि इथला ऑक्टोबर गृहीत धरू नका, 1991 च्या हॅलोविनला जे वादळ आलं त्यात मिनियापोलिसला 28.4 इंच बर्फ पडला होता, जुनी माणसं अजून त्याच्या गोष्टी सांगतात. अंगणात खुंट्या ठोकून वाटेच्या कडेला दिवे लावायचे असतील तर तेही आधीच, एकदा जमीन गोठली की खुंटी वाकते पण आत जात नाही.

क्लिपा कुठे अडकवणार हा पुढचा मुद्दा. गटरच्या, म्हणजे छताच्या कडेच्या पन्हळीच्या, ओठाला किंवा शिंगलच्या, म्हणजे छतावरच्या कौलांसारख्या पातळ पट्ट्यांच्या, कडेखाली, या दोनच जागा. स्टेपल, खिळा, स्क्रू यातलं काहीही छताला मारू द्यायचं नाही, हे लेखी घ्या. शिंगल थंडीत ठिसूळ होतात, साधारण 40 फॅरनहाइटच्या खाली ते उचलून क्लिप घुसवली तर कड तुटू शकते, आणि आपल्याकडे गारपिटीनंतर अर्ध्या वस्तीची छतं नवी झालेली असतात, त्या छताची वॉरंटी माळेपायी कशाला घालवायची. तुमच्या गटरवर जाळी बसवलेली असेल तर ते आधीच सांगा, साधी क्लिप तिथे बसत नाही आणि मग पोरं येऊन डोकं खाजवत बसतात. शिडीसुद्धा गटरवर टेकवलेली दिसली तर मी त्या कंपनीला परत बोलवणार नाही, शिडीच्या वरच्या टोकाला आडवा स्टँड लावून ती भिंतीवर किंवा छतावर टेकवतात.

आता विजेचं, हा माझा प्रांत, इथे जरा थांबतो. 140 फुटांवर फुटाला एक म्हणजे 140 बल्ब. जुने तारेचे सी-9 प्रत्येकी 7 वॉटचे, म्हणजे 980 वॉट, एलईडी घेतले तर सगळे मिळून 100 च्या आसपास. रोज सहा तास, दोन महिने, युनिटला 15 सेंट धरले तर जुन्याचं बिल 53 डॉलर आणि एलईडीचं पाच-सहा. बिलापेक्षाही मला सर्किटची काळजी असते. 15 अँपियरच्या सर्किटवर सतत चालणारा भार 1,440 वॉटच्या आत ठेवायचा असतो, आणि बाहेरचं ते एकमेव आउटलेट अजून कशाकशाला जोडलंय हे घरमालकाला माहीतच नसतं. छतावर बर्फ वितळवायची हीट केबल असेल तर ती एकटीच सगळं खाऊन बसते. आणि जुन्या घरांमध्ये गॅरेजचं आउटलेट आणि बाहेरचं आउटलेट एकाच जीएफसीआयवर असतं. जीएफसीआय म्हणजे तो चाचणीचं बटण असलेला सुरक्षा-स्विच, साधारण 5 मिलिअँपियर गळती झाली तरी पडतो, म्हणजे आपोआप वीज तोडतो, माणसाचा जीव वाचावा म्हणून. आता बघा, बाहेर माळेच्या जोडात बर्फाचं पाणी गेलं, रात्री जीएफसीआय पडला, सकाळी कोणी बघितलं नाही, आणि गॅरेजमधला फ्रीझर बंद. खवलेला नारळ, मोदक, भारतातून आणलेलं जे काय साठवलेलं सगळं पाणी. हे मी एका नाही, कितीतरी घरी बघितलंय. तेव्हा माणसं यायच्या आधी एकदा बाहेरच्या आउटलेटचं चाचणीचं बटण दाबा आणि घरभर फिरून बघा काय काय बंद पडलं.

नवीन आउटलेट हवं असेल, छताच्या कडेखाली, घरात स्विच असलेलं, तर ते काम लायसन असलेल्या इलेक्ट्रिशियनचं, परमिट काढून, आणि उन्हाळ्यात. माळा लावणाऱ्याने "तेही करून देतो" म्हटलं तर लायसन विचारा. माळ आउटलेटमध्ये खुपसायला लायसन लागत नाही, भिंतीत वायर ओढायला लागतं.

जोडांवर काळी टेप गुंडाळलेली दिसली की मला चीड येते. टेप पाणी अडवत नाही, आत शिरलेलं पाणी कोंडून ठेवते. जोड जमिनीपासून उंच ठेवायचा, तोंड खाली करायचं, आणि आउटलेटवर ते फुगीर पारदर्शक झाकण असतं, प्लग लावलेला असतानाही बंद होतं, ते बसवून घ्यायचं. वायर ड्राइव्हवेच्या कडेने नेऊ द्यायची नाही, पहिल्या बर्फानंतर ती दिसत नाही आणि मग तुमचा स्नोब्लोअर तिला गिळतो.

एलईडीचा एक तोटा कोणी सांगत नाही. जुने बल्ब गरम व्हायचे, वरचा बर्फ स्वतःच वितळवायचे. एलईडी थंड राहतात, त्यामुळे आठ-दहा इंच बर्फ झाला की कडेची ओळ पांढऱ्या गोधडीखाली गेल्यासारखी मंद दिसते. तो बिघाड नाही, त्यासाठी कंपनीला फोन करू नका, वारा आला की निम्मा पडतो. मी तरी तेवढ्यासाठी जुन्या बल्बांकडे जाणार नाही.

उलट काळजी रूफ रेकची घ्या. बर्फ साचून कडेला आइस डॅम होऊ नये म्हणून आपण सगळे खालून लांब दांड्याच्या फावड्याने छत ओढतो. घरातली उष्णता वरचा बर्फ वितळवते, पाणी खाली येतं, कड थंड असते म्हणून पागोळ्या तिथेच गोठतात आणि मागे पाणी तुंबतं, म्हणून ते ओढणं गरजेचंच आहे. पण त्या रेकने माळ सरळ उखडून येते. शेवटचे पाच-सहा इंच सोडून ओढा, चाकं असलेला रेक घ्या, आणि अशी तुटलेली माळ दुरुस्तीत धरणार की वेगळे पैसे लावणार हे आधी विचारून ठेवा. बहुतेक जण वेगळे लावतात, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही.

दुरुस्तीचा विषय निघालाच आहे तर, इथे माळा लावणाऱ्या बऱ्याच कंपन्या मुळात लॉन कापणाऱ्या किंवा खिडक्या धुणाऱ्या असतात, हिवाळ्यात माणसं रिकामी राहू नयेत म्हणून हे काम घेतात. हे चांगलंच आहे, उन्हाळ्यातही त्यांचा पत्ता सापडतो. पण त्यातल्या काही बर्फ काढायचं कामही घेतात, म्हणजे ज्या दिवशी बर्फ पडतो आणि तुमची माळ विझते, नेमक्या त्याच दिवशी त्यांची सगळी माणसं ट्रकवर असतात. सरळ विचारा: बर्फाच्या दिवशी फोन केला तर कोण येणार आणि किती तासांत? 48 तास लिहून दिले तर ठीक. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळचंही विचारा.

काढण्याबद्दल मी सगळ्यात जास्त भांडणं बघितलीत. करारात "जानेवारीत काढू" असं असतं, आणि जानेवारीत क्लिपा बर्फाच्या आत असतात. गोठलेली माळ ओढली तर माळ येते, क्लिप येते आणि कधी गटरही येतं. शहाणी माणसं दोन-तीन दिवस शून्याच्या वर, म्हणजे 32 फॅरनहाइटच्या वर राहायची वाट बघतात, मग ते मार्चमध्ये जाऊ शकतं. तुमच्या वस्तीच्या असोसिएशनचा नियम मात्र जानेवारीअखेरचा असू शकतो. बहुतेक ठिकाणी दिवे बंद ठेवले की कोणी काही बोलत नाही, पण असोसिएशनचं नियमपुस्तक एकदा वाचा आणि करारात "हवामान बघून, पण 31 मार्चपर्यंत" असं काहीतरी घाला. पैसेही त्याच हिशोबाने द्या. निम्मे आगाऊ चालतात, सगळे कधीच देऊ नका, आणि जमलं तर शंभर-दीडशे डॉलर काढल्यावर देतो असं ठरवा. सगळे मान्य करणार नाहीत, तरी विचारायला काय जातं. क्रेडिट कार्डने द्या.

माळा कोणाच्या, हेही विचारा. काही कंपन्या भाड्याने देतात, दरवर्षी तीच रक्कम, काहींच्या तुम्ही विकत घेता आणि दुसऱ्या वर्षी फक्त मजुरी. विकत घेतल्या असतील तर त्या तुमच्याच गॅरेजमध्ये ठेवा, प्रत्येक तुकड्यावर चिठ्ठी लावून, "गॅरेजची कड", "पोर्च", अशी. त्यांच्या गोदामात राहिल्या तर पुढच्या वर्षी दर वाढवला तरी तुम्ही कुठे जाणार?

मिस्टरांना काय सांगायचं? एकमजली रॅम्बलर असतं तर मी त्यांच्या बाजूने असतो, सप्टेंबरात बसून एका दुपारी होतं ते. दुमजली घराला, उतारावरच्या अंगणात, शेजाऱ्याच्या शिडीवर, नाही. मधला मार्ग असा की खालचं पोर्च, रेलिंग आणि क्रॅबॲपल त्यांनी करावं, वरची कड माणसांकडून. झाडाचे तीन-चारशे वाचतील, त्यांनाही केल्याचं समाधान. झाडाला सी-9 नको, बारीक शंकूसारख्या 5 मिलिमीटरच्या एलईडी माळा घ्या, आणि खोडाला करकचून गुंडाळू नका, वसंतात झाड वाढायला लागतं. मागची बाजू सोडून द्या, मागच्या बाजूला तळघर थेट अंगणात उघडत असेल तर ती कड तीन मजले उंच जाते आणि बघायला फक्त हरणं.

छताखाली कायमचे बसवतात ते दिवे, ॲपवरून रंग बदलणारे, त्याबद्दल विचाराल म्हणून सांगतो. व्यवस्थित पट्टीत बसवून द्यायला फुटाला साधारण 25 ते 35 डॉलर, म्हणजे तुम्हाला 3,500 ते 4,900. तीन-चार वर्षांत भरून निघतात, आणि गणपतीत केशरी, दिवाळीत पिवळे, मुलांच्या वाढदिवसाला काय हवं ते. त्या घरात पाच-सहा वर्षं नक्की राहणार असाल आणि असोसिएशनची हरकत नसेल तर मी हेच करेन. स्वतः बसवायचे किट स्वस्त येतात, पण त्यांच्या मागची चिकटपट्टी थंडीत धरत नाही, उन्हाळ्यात आणि स्क्रूने बसवा. यावर्षी मात्र 1,500 वाल्याला घ्या, काढण्याची तारीख आणि 48 तास लिहून घेऊन.

आणि आकाशकंदील. तो कोणत्याही कंपनीच्या यादीत नसतो, पण पोर्चच्या आत, छपराखाली लावायला त्याच मुलांना एक हुक मारायला सांगा, शिडी आलेलीच असते. कागदी असेल तर आत एलईडीच बल्ब, होल्डर बाहेर वापरायचा म्हणून लिहिलेला, आणि भारतातून आणलेली 230 व्होल्टची माळ किंवा होल्डर इथे जोडू नका. डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, त्यामुळे टायमर ठरावीक वेळेचा न घेता अंधार ओळखणारा घ्या, कंदीलही त्याच्यावरच टाका. बाहेरच्या आउटलेटचा आणि ब्रेकर पॅनलच्या दाराच्या आतल्या यादीचा फोटो पाठवलात तर कुठल्या सर्किटवर किती जागा आहे ते सांगतो.